माझ्याच कोटेशनची उलटतपासणी

छोट्या धंद्याची वेबसाईट मालकाने स्वतःची स्वतः करावी की पैसे मोजून करून घ्यावी, असं लोक मला विचारतात. मला, म्हणजे कोल्हापुरात वेबसाईट करून देण्यावर जिचं घर चालतं तिला. विचारणाऱ्याला यात वावगं काही वाटत नाही. ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारायचं, एवढा साधा हिशोब. पण उत्तर देताना माझ्या तोंडून जे बाहेर पडतं, त्यात त्याचं भलं किती आणि माझ्या ऑफिसचं भाडं किती, हे मला दरवेळी वेगळं काढता येत नाही. आपल्या पोळीवर तूप ओढायची सवय एकदा लागली की पुढे पुढे हात कधी गेला तेही कळत नाही.

खोटं मी बोलत नाही. तेवढी गरजही पडत नाही. "तुम्ही केलीत तर होईल हो, पण पुढे मेंटेनन्सचं काय?" एवढं म्हटलं की पुरतं. प्रश्न खरा आहे, पण तो मी कोणत्या सुरात विचारला यावर समोरच्याचा निर्णय ठरतो, आणि सूर लावायला मी आता चांगली शिकले आहे. म्हणून उत्तराचा नाद सोडून मी माझं छापील कोटेशनच समोर घेऊन बसले. एकेक ओळ वाचायची आणि स्वतःला विचारायचं: हे पैसे मी माझ्या कामाचे घेते, की समोरच्याला माहीत नाही त्याचे?

सोपी ओळ आधी. ‘एसएसएल सर्टिफिकेट, वार्षिक’, पुढे रक्कम. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलूप दिसायचं, ते याचंच. जुलै २०१८ पासून क्रोमने हे नसलेल्या प्रत्येक साईटवर ‘नॉट सिक्युअर’ असा शिक्का मारायला सुरुवात केली आणि आमच्या धंद्याला एक आयती भीती मिळाली. गिऱ्हाइकाला त्याच्याच मोबाईलवर त्याचीच साईट उघडून तो शिक्का दाखवायचा. बाकी काही बोलावं लागत नसे. गंमत अशी की त्याच्या दोन वर्षं आधीपासून लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा असं सर्टिफिकेट सगळ्यांना फुकट देत होती, आणि आज बहुतेक होस्टिंग कंपन्या ते आपोआप बसवतात, आपोआप नवं करतात. विकतची सर्टिफिकेटं अजून आहेत, मोठ्या संस्थांना त्यांचा उपयोगही असतो, पण चटणी-मसाल्याच्या दुकानाला फुकटचं पुरून उरतं.

माझा बचाव तयार आहे. कधी नूतनीकरण अडकतं, साईट उघडेनाशी होते, तेव्हा रात्री दहा वाजता फोन मलाच येतो. बचाव खोटा नाही. पण त्या ओळीवर आजवर एकाही गिऱ्हाइकाने घासाघीस केलेली नाही, ही गोष्ट मला बोचते. डिझाईनच्या रकमेवर करतात, "मॅडम, जरा बघा की" म्हणतात. डिझाईन म्हणजे काय याचा त्यांना थोडातरी अंदाज असतो. एसएसएल म्हणजे काय हे माहीत नसतं, म्हणून ते गुमान देतात. शेवटी ती ओळ मी कोटेशनमधून काढून टाकली. रक्कम मात्र ‘सेटअप’च्या ओळीत मिसळली. हे लिहिताना हसू येतंय, पण घडलंय असंच.

‘कस्टम डिझाईन’ ही ओळ जास्त अवघड आहे. वर्डप्रेस २००३ साली आलं, तेव्हापासून फुकट आहे, आणि आज जगातल्या दर दहा वेबसाईटींपैकी चाराहून जास्त त्याच्यावर चालतात. त्यावर चढवायच्या तयार थीम साठेक डॉलरला मिळतात. एलेमेंटरसारखं साधन घेतलं की डावीकडचा चौकोन उचलायचा आणि पानावर हवा तिथे टाकायचा. मी हेच वापरते. गिऱ्हाइकाचा भाचा विक्स या स्वतःची साईट स्वतः करायच्या सेवेवर जे करतो आणि मी जे करते, त्यात हत्याराचा फरक जवळजवळ नाही. ‘घरी केलेली’ आणि ‘प्रोफेशनल’ यांच्यामध्ये आम्ही बोलताना जी दरी उभी करतो, ती हत्याराच्या बाबतीत तरी बनाव आहे. आमच्यातले कितीतरी जण एकच थीम रंग बदलून वीसजणांना देतात. वर्डप्रेस बसवलं की ‘जस्ट अनदर वर्डप्रेस साईट’ अशी एक ओळ वर्षानुवर्षं आपोआप यायची. ती पुसायचीसुद्धा राहून गेलेल्या साईटी मी पाहिल्या आहेत, आणि त्या भाच्यांनी केलेल्या नव्हत्या. त्यांची रीतसर बिलं फाडली गेली होती, वर १८ टक्के जीएसटी लावून.

मग माझं काय असतं त्यात? एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. चपलांचा पिढीजात धंदा असलेल्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने साईट केली होती. रंग बरे होते, कापशी चपलांचे फोटो तर झकास, शिवण न् शिवण दिसेल असे. वडील ती मला दाखवायला आले, कारण साईट होऊन कित्येक महिने लोटले तरी त्यावरून एकही फोन नव्हता. मी मोबाईलवर उघडली. पान उघडायलाच एवढा वेळ लागला की मी दोनदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. प्रत्येक फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच, पाच-सहा एमबीचा, एका पानावर तीसेक. शहरात वायफायवर बसून मुलाला ते कधी जाणवलं नाही. गगनबावड्याकडच्या माणसाने एवढा वेळ बोट धरून का बसावं? आणि फोन नंबर होता तो बॅनरच्या चित्रातच लिहिलेला. दिसत होता, पण त्यावर बोट ठेवलं तर काही होत नव्हतं. गिऱ्हाइकाने तो पाठ करायचा, साईट बंद करायची आणि मग डायल करायचा.

हे दोन्ही मला पाहताक्षणी कळलं. हे माझं कौशल्य, आणि त्याचे पैसे घ्यायला मला लाज वाटत नाही. पण ते सांगायला चहा निवायचाही वेळ लागला नाही, आणि दुरुस्त करायला त्या मुलाला एक दुपार पुरली असती. मी मात्र त्यांच्यापुढे नवी साईट ठेवली, आठ पानांची, ‘कस्टम डिझाईन’सकट. कारण निदानाची ओळ माझ्या कोटेशनमध्येच नाही. डॉक्टर तपासणीची फी घेतो हे सगळ्यांना मान्य आहे. वेबसाईटवाल्याने नुसतं बघून सांगितलं तर त्याचे पैसे कोल्हापुरात कुणी देईना. म्हणून आम्ही निदान फुकट करतो आणि ऑपरेशन विकतो. ज्याला ऑपरेशनची गरज नाही त्यालाही. यातली अर्धी चूक बाजाराची आहे, असं मी स्वतःला समजावते. उरलेली अर्धी कुणाची, ते उघड आहे. गेल्या इतक्या वर्षांत ‘साईट तपासून देणे, अमुक रुपये’ अशी एक ओळ छापून बघायला मला कुणी अडवलं नव्हतं.

यापुढची गोष्ट आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. साईट अडते ती डिझाईनवर नाही, मजकुरावर. ॲडव्हान्स आला, थीम बसली, रंग ठरले, आणि मग मालकाला फोन: "साहेब, मजकूर पाठवताय ना?" "तुम्हीच लिवा की कायतरी, तुमाला म्हाईत असतंय." मला काय माहीत असतंय? मी त्यांच्या कारखान्यात एकदा चहा प्यायलेली असते. मग दुसऱ्या कुणाची साईट उघडायची आणि इंग्रजीत ‘आम्ही या क्षेत्रातील अग्रगण्य उत्पादक आहोत, गुणवत्ता हेच आमचं ध्येय’ हे उतरवायचं. शाहूपुरीतला गुळाचा व्यापारी अग्रगण्य, राजारामपुरीतला क्लासवाला अग्रगण्य, टेंबलाईवाडीतला केटरिंगवाला अग्रगण्य. इतके अग्रगण्य एका शहरात मावतात कसे देव जाणे. मालक ते वाचतही नाही. इंग्रजी आहे, भारदस्त दिसतं, झालं. गिऱ्हाईक मराठी, मालक मराठी, लिहिणारी मराठी, आणि मधला मजकूर असा की तिघांपैकी कुणाचाच नाही.

मराठीत करायचं म्हटलं तर मालक माहितीपत्रकाची फाईल पाठवतात. ती छापखान्यातून आलेली, श्रीलिपीत. साईटवर चिकटवली की कोल्हापूरच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि कंस यांची खिचडी उमटते, कारण तो फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या रीतीचा. सोपा उपाय म्हणजे सगळा मजकूर चित्र म्हणून डकवून द्यायचा. दिसायला बिनचूक दिसतो. फक्त गूगलला तो धड वाचता येत नाही, अंध माणसाच्या मोबाईलला धड वाचून दाखवता येत नाही, आणि मालकाला उद्या दर बदलायचा झाला तर पुन्हा माझ्याकडे यावं लागतं. नीट काम म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, कन्व्हर्टरने मोडलेली जोडाक्षरं एकेक करून दुरुस्त करायची. आता साधनांची सबबही उरलेली नाही. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल हा फॉन्ट विंडोजबरोबर आला त्याला पंचवीस वर्षं उलटून गेली, आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता, बलू हे देखणे फॉन्ट तर फुकट आहेत. तरी घाई असली की माझ्या ऑफिसातून चित्र डकवलेलं पान बाहेर पडतं. पैसे दोन्हीचे सारखेच, आणि मालकाला फरक कळत नाही. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, अज्ञानाची किंमत कोण मोजतोय?

आता दुसरी बाजू. देवगडजवळ एक बाई घरगुती राहण्या-जेवण्याची सोय चालवतात. साईट त्यांनी स्वतः केली, मोबाईलवरच. ती साईट माझ्याकडे ‘जरा प्रोफेशनल करून द्या’ म्हणून आली तेव्हा माझ्या डोळ्याला जे दिसायचं ते दिसलंच. चार प्रकारची अक्षरं, समुद्राची रेघ तिरकी, जांभळ्यावर पिवळं. मग मी वाचायला लागले. शेवटचा रस्ता कच्चा आहे, मोठी बस येत नाही, ड्रायव्हरला आधी सांगा. मासे त्या दिवशी बंदरावर येतील तेच मिळतील, सुरमईचा हट्ट धरू नये. एसी नाही, लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्या ओरडून बोलतात म्हणजे रागावल्या असं समजू नका.

हे मला लिहिता आलं नसतं. मी तिथे ‘निसर्गाच्या कुशीत विसावा’ लिहिलं असतं आणि मागे ड्रोनने काढलेला व्हिडिओ लावला असता. फोनवर रोज येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं त्या बाईंनी एका जागी लिहून ठेवली होती, आणि छोट्या धंद्याची साईट म्हणजे खरं तर तेवढंच असतं. मालक स्वतः करायला बसला की निदान हे तरी होण्याची शक्यता असते, कारण पानावरची मोकळी जागा त्याला काहीतरी खरं लिहायला लावते. आमच्याकडे दिलं की ती जागा आम्ही भरतो.

त्यांना मी सांगितलं, अक्षरं एकच ठेवा, रंग साधा करा, नकाशा जोडा, बाकी हात लावू नका. पैसे घेतले नाहीत. त्या खूश, मी त्याहून खूश. संध्याकाळभर मला माझंच कौतुक वाटत होतं, आणि इथेच मनाने चिमटा काढला. हे काम घेतलं असतं तरी सुटले असते दहा-बारा हजार. तेवढ्यावर पाणी सोडून प्रामाणिक असल्याचं समाधान मिळत असेल तर तो सौदा स्वस्तातलाच. याच तोंडाने मी लाखाच्या गिऱ्हाइकाला ‘हात लावू नका’ म्हणाले आहे का? आठवून पाहिलं. आठवलं नाही.

मालकाने स्वतः केलेलं सगळंच असं गोमटं निघतं असंही नाही, नाहीतर हा लेख आमच्या धंद्यावर नुसते आसूड ओढण्याचा होईल. सिंधुदुर्गातल्या एका हापूस बागायतदाराच्या साईटवर मी वाचलं की माल पसंत न पडल्यास तीस दिवसांत परत करता येईल. तीस दिवसांनी परत आलेल्या आंब्याचं काय करणार होते कोण जाणे. झालं होतं असं की ऑनलाईन पैसे घेण्याची सोय चालू करायला पेमेंट गेटवेवाले परताव्याच्या धोरणाचं पान मागतात, ते नसेल तर खातं चालू करत नाहीत. बागायतदाराने कुठल्याशा कपड्यांच्या दुकानाचं पान जसंच्या तसं उचललं. हसायला ठीक आहे, पण हंगाम दोन-अडीच महिन्यांचा आणि एखादं गिऱ्हाईक भांडायला उठलं तर ते लेखी वचन आहे. तिथे जाणत्या माणसाचा हात हवाच होता. आणि वेळेचा हिशोब तर कुणीच मांडत नाही. साईट ‘फुकट’ झाली असं सांगणाऱ्या मालकाने दुकान बंद केल्यावर रात्री किती तास रंग बदलण्यात घालवले, त्या तासांत उधारीची वसुली केली असती तर किती आले असते, हे विचारलं की तो हसतो. ते हसू मला माझ्या बाजूचा पुरावा म्हणून वापरता येतं, आणि मी वापरते.

फुकटच्या जागेचं आणखी एक. गूगलने आपल्या बिझनेस प्रोफाईलबरोबर छोट्या धंद्यांना एक पानी साईट फुकट दिली होती. आपल्याकडे कितीतरी हॉटेलं, गॅरेज, ब्युटी पार्लर यांनी ती घेतली, व्हिजिटिंग कार्डावर पत्ता छापला, दुकानाच्या फ्लेक्सवर लावला. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या साईटी बंद केल्या. जूनच्या १० तारखेपर्यंत जुना पत्ता टाकला तर माणूस प्रोफाईलवर जायचा, पुढे तेही संपलं. दुसऱ्याच्या जागेवर बांधलेलं घर कधी ना कधी असं जातंच. त्याआधी २००९ मध्ये याहूने जिओसिटीज ही फुकट पानांची सेवा बंद केली तेव्हा लोकांनी हौसेने केलेली लाखो पानं अशीच गेली होती.

तर त्या मार्चमध्ये माझा फोन सारखा वाजत होता. "मॅडम, आमचं गूगलचं बंद झालं." बंद झाली होती ती साईट. नकाशावरची नोंद, फोटो, वेळा, लोकांचे अभिप्राय, हे सगळं प्रोफाईलमध्ये शाबूत होतं, आणि त्यांच्याकडे येणारं बहुतेक गिऱ्हाईक तिथूनच येत होतं. हे मी सांगितलं का? विचारलं त्यांना सांगितलं. ज्यांनी विचारलं नाही, त्यांना ‘मग आता स्वतःच्या डोमेनवर साईट करून टाकू’ असं सांगितलं. वाक्य चुकीचं नव्हतं, स्वतःचं डोमेन असावंच. पण त्यांच्या आवाजातल्या घाबरेपणाला मी हात लावला नाही, कारण तो माझ्या उपयोगाचा होता.

आणि स्वतःच्या जागेचा उपदेश करणारी मी, माझ्या गिऱ्हाइकांची डोमेनं कुणाच्या नावावर आहेत? विक्सवर केलेली साईट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, हे मी प्रत्येकाला बजावून सांगते, आणि ते खरं आहे. पण वर्डप्रेसवर केलेली साईट नेता येते ती ज्याच्या हातात लॉगिन असतं त्यालाच. आमच्या धंद्यात रीत अशी की डोमेन आपल्याच खात्यातून घ्यायचं, आपल्याच ईमेलवर. गिऱ्हाइकाला ईमेल, ओटीपी यांची कटकट नको असते, म्हणून सोय. आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ लागलं की तीच सोय बेडी होते. वार्षिक हजारभर रुपयांचं डोमेन अडवून धरून हजारोंची येणी वसूल केल्याच्या कथा या धंद्यात अभिमानाने सांगितल्या जातात. मी कुणाचं अडवलेलं नाही. पण अडवता येईल अशा जागी ते ठेवलं, आणि येणं थकलेल्या माणसाशी बोलताना ‘रिन्युअलची तारीख जवळ आलीय बरं का’ असं सहज म्हटलं आहे. त्या ‘सहज’मध्ये काय होतं ते त्यालाही कळत होतं आणि मलाही. डोमेनची मुदत टळली तर ते सोडवून घ्यायला मूळ दराच्या कितीतरी पट मोजावे लागतात, आणि तोही काळ उलटला की जगातला कुणीही ते विकत घेऊ शकतो. व्हिजिटिंग कार्डं, टेम्पोच्या मागे रंगवलेला पत्ता, सगळं दुसऱ्याचं.

आता डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर घेते. त्याचा पासवर्ड एका कागदावर लिहून देते आणि लायसन्सच्या फायलीत ठेवायला सांगते. जुन्यांची बदलून द्यायची अजून बरीच बाकी आहेत. वेळ मिळत नाही, असं मी म्हणते. नव्या गिऱ्हाइकासाठी मिळतो.

या सगळ्यात एक तिसरं उत्तर दडून राहतं, आणि ते ना मालक विचारतो ना मी बोलते: साईटच नको. गल्लीतल्या घरगुती पोळी-भाजी केंद्राला, शंभर डब्यांच्या पलीकडे जायची ज्यांची इच्छाही नाही त्यांना, नकाशावर नीट नोंद आणि व्हॉट्सॲप बिझनेस एवढं भरपूर होतं. ते ॲप २०१८ पासून फुकट आहे, त्यात मालाची यादी फोटोसकट लावता येते. पुढे धंदा वाढला, बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं, तर बघू. पण ‘तुम्हाला याची गरज नाही’ हे वाक्य म्हणताना माझी जीभ जड होते. स्वतः करा की माझ्याकडून करून घ्या, या वादात मी हरले तरी चालतं, कारण आज स्वतः करणारा उद्या कंटाळून माझ्याकडे येतो. गरजच नाही म्हटलं की तो कायमचा गेला.

आता एआय आलं आहे आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज मयताला जमल्यासारखी चर्चा असते. चार प्रश्नांची उत्तरं द्या, साईट तयार. विक्सने त्याचा पहिला अवतार २०१६ मध्येच आणला होता, आता ते कुणालाही जमतं. ‘आम्ही अग्रगण्य आहोत’ तर ते क्षणात लिहितं, माझ्यापेक्षा सफाईदार. मला भीती वाटते, नाही असं नाही. पण ती कशाची वाटते हे पाहिलं तर कोटेशनमधल्या नेमक्या त्याच ओळी दिसतात. जो मालक एआयला विचारू शकतो की एसएसएल फुकट मिळतं का, तो ‘सेटअप’च्या रकमेवर बोट ठेवणार. फोटो जड झालेत हे ओळखायला, देवगडच्या बाईंना ‘रोज फोनवर लोक काय विचारतात’ हे विचारायला, मोडलेलं जोडाक्षर दुरुस्त करायला अजून माणूस लागतो. फक्त या कामांचं बिल मी कधी नावानिशी लावलेलंच नाही.

सध्या टेबलावर शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं काम आहे. मालकांना पहिल्याच पानावर गरगर फिरणारं कास्टिंग पाहिजे, भट्टीचा व्हिडिओ पाहिजे, कारण शेजारच्या फाउंड्रीच्या साईटवर तसं आहे. नाकापेक्षा मोती जड. त्यांची साईट बघणार तो पुण्यातल्या किंवा परदेशातल्या कंपनीचा खरेदी खात्यातला इंजिनिअर. त्याला बघायचं असतं ग्रे आयर्न की एसजी, कोणत्या ग्रेडमध्ये, एका नगाचं वजन किती किलोपर्यंत, महिन्याला किती टन, मशिनिंग घरचं की बाहेरचं, तपासणीला स्पेक्ट्रोमीटर आहे का, सर्टिफिकेटं कुठली. एका पानात बसतं. ते पान मालकांच्या शेजारी बसून, शॉप फ्लोअरवर फिरून मी नीट लिहून देऊ शकते आणि त्याचे चांगले पैसे मागू शकते, पण ते लाखात जाणार नाहीत. फिरत्या कास्टिंगचे जातात. ऑफिसात दोघं पोरं पगारावर आहेत, आणि मालक स्वतःच्या खुशीने लाख द्यायला तयार आहेत.

मी दोन्ही कोटेशनं तयार केली आहेत. एका पानाचं आणि फिरत्या कास्टिंगचं, एकाच ईमेलला जोडायची म्हणून. दुसऱ्यात पहिल्यांदाच स्वच्छ लिहिलं आहे की यातल्या व्हिडिओने आणि ॲनिमेशनने ऑर्डर वाढतील असं मला वाटत नाही. मेल अजून ड्राफ्टमध्ये आहे, कारण दोन्हींपैकी वर कुठलं ठेवायचं हे ठरत नाही. पानावर जे वर ठेवावं तेच लोक उचलतात, हे मला मालकांपेक्षा नक्कीच जास्त कळतं. त्याचेच तर मी पैसे घेते.